जर आणि तर

मराठीत अव्यये पुष्कळ आहेत. परंतु माणसे, गाड्या आणि माशांच्या पाट्या घेऊन पाण्यावर तरंगणारे अव्यय एकच. ते म्हणजे 'तर'. व्याकरणाच्या पुस्तकात ते 'जर'च्या मागून निमूटपणे चालते. खाडीकाठच्या लोकांची 'तर' मात्र स्वतंत्र बाण्याची आहे. ती स्त्रीलिंगी आहे. ती लागते, ती सुटते, आणि आपण धापा टाकीत धक्क्यावर पोहोचावे तो नेमकी हुकते. एका शब्दाचे मूळ संस्कृत 'तर्हि'त आणि दुसऱ्याचे तरून जाण्याच्या 'तॄ' धातूत, तेव्हा दोहोंचे नाते केवळ दिसण्यापुरते, असे एखादे भाषापंडित मला बजावतील. ते मला मान्य आहे. तथापि गेल्या माघात आम्ही उभयतां मोटारसायकलीवर बसून किनाऱ्याने दक्षिणेकडे गेलो, तेव्हा ह्या दोन शब्दांची सोयरीक माझ्या मनाला इतकी पटली, की व्युत्पत्तीच्या आधाराने ती मोडावी असे आता वाटत नाही.

पन्नाशी उलटलेल्या जोडप्यास मोटारसायकल शोभत नाही, असे आमच्या बोरिवलीच्या शेजाऱ्यांचे मत आहे. कोकण रेल्वे १९९८ सालापासून धावते आहे, मग हा उन्हातान्हाचा खटाटोप कशासाठी, असे ते विचारतात. त्यांना उत्तर देणे कठीण आहे. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी मार्व्याच्या धक्क्यावर गाडी तरीत चढवून आम्ही मनोरीला गेलो होतो, आणि त्या दहा मिनिटांच्या जलप्रवासाने आपण मुंबई सोडून कोठेतरी दूर देशी आलो असा जो भास झाला, तो अद्याप पुरता ओसरलेला नाही, एवढेच काय ते सांगता येईल. शिवाय दुचाकीस्वाराला समुद्र दिसावा कोठून? मुंबई समुद्राने वेढलेली खरी, पण समुद्रावरून जाणारे तिचे सारे थोर रस्ते आम्हांला बंद आहेत. वांद्रे-वरळी सागरी सेतू २००९ साली खुला झाला, तेथे दुचाकीला मज्जाव. २०२४ साली किनारी रस्ता झाला, तेथेही मज्जाव. त्याच वर्षीच्या जानेवारीत शिवडीहून न्हावा-शेव्याकडे जाणारा सुमारे बावीस किलोमीटरांचा अटल सेतू उघडला, तेथेही तेच. तेव्हा आमच्यासारख्यांनी समुद्र ओलांडायचा तो जुन्या रीतीने, बोटीत बसून. मला त्याचे दुःख नाही. पुलावरून गेलो असतो, तर ही हकीगत घडली नसती.

मोटारसायकलीच्या मागच्या बैठकीवर मी तीस वर्षांहून अधिक काळ बसत आले आहे, त्यामुळे त्या स्थानाविषयी अधिकारवाणीने बोलण्याचा मला हक्क आहे. मागे बसणाऱ्याला रस्ता दिसत नाही. त्याच्या दोन बाजू तेवढ्या दिसतात. समोर पाठ असते. ह्या पाठीचा माझा अभ्यास आता असा झाला आहे, की ह्यांचा राग, थकवा किंवा भूक मला तोंडाकडे न पाहता सांगता येते. बोलणे मात्र होत नाही. डोक्यावर शिरस्त्राण, कानांत वारा; त्यातून आपल्या भाषेची रचना अशी, की क्रियापद शेवटी येते, आणि नेमके तेच वारा पळवून नेतो. "ती म्हशींची रांग रस्त्यात" एवढे ह्यांच्या कानी पोहोचते. "बसली आहे" हे मागच्या मागे उडून जाते. म्हणून दुचाकीवरचा नवरा-बायकोचा प्रवास हा जगातला सर्वांत जवळून केलेला आणि सर्वांत मुका प्रवास होय.

ह्या खेपेस आमच्याजवळ बोलण्यासारखी गोष्ट होती, आणि ती घरी बोलून होत नव्हती.

माझे माहेर गुहागर तालुक्यात, समुद्राच्या इतक्या जवळ, की पावसाळ्यात अंथरुणावर पडल्या पडल्या भरतीची वेळ सांगता यावी. घर कौलारू, मागे नारळी-पोफळीची वाडी, वाडीत रहाटाची जुनी विहीर. बाबा गेल्यापासून तेथे धाकटा भाऊ आणि वहिनी राहतात. पौषात भावाने पाकिटातून एक मसुदा पाठविला. वर ठळक अक्षरांत लिहिले होते, 'हक्कसोडपत्र'. घराला लागून पर्यटकांसाठी दोन खोल्या बांधायचा त्याचा विचार होता. त्यासाठी कर्ज हवे, आणि कर्जासाठी मालकी निर्वेध हवी. सोबतच्या चिठ्ठीत एकच ओळ होती : ताई, होळीपूर्वी येऊन सही केलीस तर बरे होईल.

आपल्याकडे घरोघरी अशी सही झालेली आहे. ती कोणी मागते असे नाही, कोणी देते असेही नाही. हळदीकुंकवासारखी ती होऊन जाते. कायद्याने मात्र ह्या बाबतीत हळूहळू का होईना, पण बरीच वाट चालली आहे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला बापाच्या स्वतःच्या मिळकतीत मुलाबरोबरीने वाटा दिला, परंतु वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत जन्माने हक्कदार ठरत ते मुलगेच. राहत्या घराविषयी तर त्यात एक कलम असे होते, की भाऊ आपसांत वाटणी काढीत नाहीत तोवर मुलीने ती मागू नये. आणि विवाहित मुलीला त्या घरात राहण्याचाही अधिकार नव्हता. पुढे महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून मुलींना जन्मसिद्ध हक्क दिला, पण त्या तारखेपूर्वी लग्न झालेल्यांना वगळले. माझे लग्न १९९२ चे. दोन वर्षे धीर धरला असता, तर मी हक्कदार ठरले असते. पण कायद्यासाठी कोणी मुहूर्त पुढे ढकलीत नाही. अखेर ९ सप्टेंबर २००५ पासून सबंध देशाला लागू झालेल्या दुरुस्तीने लग्नाची ती अट काढली आणि राहत्या घराचे ते कलमही पुसून टाकले. उरलेली शंका सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये फेडली. मुलीचा हक्क जन्मानेच आहे, २००५ साली बाप हयात असो वा नसो, असे न्यायालयाने सांगितले. म्हणजे जन्मून छत्तीस वर्षे झाल्यावर मी जन्माने हक्कदार झाले होते. तो हक्क सोडायला आता एक सही पुरेशी होती.

बोरिवलीच्या घरात ह्या विषयावर बोलायला सवड होती, पण जागा नव्हती. मसुदा टेबलावर, त्यावर वर्तमानपत्र, त्यावर चहाचा पेला. मी विषय काढला की ह्यांचा फोन वाजे. ह्यांनी काढला की कुकरची शिट्टी होई. शेवटी हेच म्हणाले, "आपण गाडीने जाऊ. किनाऱ्याने. वाटेत ठरेल."

पहाटे निघून आम्ही माझगावच्या भाऊच्या धक्क्यावर आलो. येथून मांडव्याला जाणारी गाड्यांची बोट मार्च २०२० मध्ये सुरू झाली. गाड्या बोटीच्या पोटात, माणसे वरच्या मजल्यावर. साधारण एका तासाचा प्रवास. धक्का सुटला, मागे शहराचे मनोरे धुरकट झाले, आणि चेहऱ्यावर ऊन आले. ह्याच धक्क्यावरून १७ जुलै १९४७ रोजी 'रामदास' आगबोट रेवसला जाण्यास निघाली आणि वाटेत बुडाली. सहाशेहून अधिक माणसे गेली. माझी आजी 'मुलगी मुंबईस दिली' असे कधी म्हणत नसे. 'पाण्यापलीकडे दिली' म्हणे. मला पाण्यापलीकडे दिले तेव्हा मोटारींचे रस्ते झालेले होते, पण आजीच्या बोलण्यातले पाणी काही आटले नव्हते.

बोटीत आम्ही समोरासमोर बसलो. शिरस्त्राणे मांडीवर होती, आणि ह्यांची पाठ नव्हे तर तोंड माझ्याकडे होते.

"अहो, सही करावी का?" मी विचारले.

"करून टाक," हे म्हणाले. "आपल्याला काय कमी आहे?"

हे वाक्य त्यांनी चांगल्या मनाने उच्चारले. त्यात लोभ नव्हता, उलट त्यागच होता. फक्त तो माझ्या वाट्याच्या वस्तूचा होता. मी म्हणाले, "कमी नाही म्हणून सोडायचं, तर मग ज्याला कमी आहे त्यानंच आपलं म्हणायचं का?" त्यांनी उत्तर दिले नाही. मांडवा आला, गाड्या सुरू झाल्या, आणि मी पुन्हा पाठीमागे गेले.

अलिबागच्या पुढे रस्ता समुद्राचा पदर धरून चालतो. चौल, रेवदंडा, मग कुंडलिकेच्या मुखावरचा साळावचा पूल. तो केव्हा आला आणि केव्हा गेला हे कळलेही नाही. खालच्या पाण्यावर होड्या होत्या, पलीकडे कोर्लईचा डोंगर होता. माझ्या ओठांवर एक वाक्य आले होते, पण पूल संपला आणि ते तसेच राहिले. माघाचे ऊन ऊबदार असते. ते चावत नाही. काशीदची सुरूची झाडे, रस्त्याकडेला वाळत घातलेल्या बोंबलांचा दर्प, मुरुडच्या नारळीबागा, उजव्या हाताला पाण्यात उभा असलेला जंजिरा, हे सारे मी डोळे भरून पाहिले. पण मनातल्या मनात मी भावाशी भांडत होते, आणि गंमत अशी, की त्या भांडणात दर वेळी तोच जिंकत होता.

आगरदांड्याला तर यायची होती. धक्क्यावर एक टेम्पो, दोन मोटारी आणि शाळेचा गणवेश घातलेली चार मुले. राजपुरी खाडीचे पाणी ओहोटीला लागले होते. तर आली, गाडी चढवली, आणि कठड्याला टेकून मी जे मनात जिंकवले होते ते ह्यांच्यापुढे मांडले. वाडी भावाने राखली. पोफळी त्याने शिंपल्या. बाबा अंथरुणाला खिळले तेव्हा दोन वर्षे त्यांची उशाशी-पायथ्याशी सेवा वहिनीने केली. मी तेव्हा सुट्टी मिळेल तशी पाहुणी म्हणून जात होते. असे असताना मी कोणत्या तोंडाने वाटा मागावा?

"मग झालं तर," हे म्हणाले. "अडचण कुठं आहे?"

"अडचण ही, की मला कोणी विचारलं नाही. कागद तयार होऊन आला. त्यात माझ्या नावापुढं फुली मारून ठेवली आहे, सही इथं कर म्हणून. पाहुणीलासुद्धा आपण विचारतो, जेवून जाणार का म्हणून."

हे काही वेळ पाण्याकडे पाहत राहिले. 'जर' आणि 'तर' यांच्यामध्ये जी खाडी असते, तिच्या मध्यावर आम्ही होतो. दिघीचा धक्का लागला तेव्हा गाडी सुरू करण्यापूर्वी ते म्हणाले, "हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं." गाडीवर बसल्यावर हे वाक्य त्यांना उच्चारता आले नसते. उच्चारले असते, तरी शेवटचे दोन शब्द वाऱ्याने नेले असते, आणि 'हे माझ्या ध्यानात' एवढ्यावरच मला समाधान मानावे लागले असते.

दिवेआगर, श्रीवर्धन. पेशव्यांचे भट घराणे ह्या श्रीवर्धनचे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने येथल्या पोफळी काडेपेटीतल्या काड्यांसारख्या मोडल्या. नवी लागवड आता डोके वर काढते आहे. पण पोफळ उत्पन्नाला येण्यास वर्षे लागतात, आणि तोवर शिंपणारा हात तेथे हजर असावा लागतो. मुंबईत राहून वाडी होत नाही, हे त्या रोपांनी मला न बोलता सांगितले. रात्री हरिहरेश्वरला मुक्काम केला. दोघेही दमलो होतो. विषय निघाला नाही.

सकाळी बागमांडल्याला सावित्रीच्या मुखावर आलो. महाबळेश्वरी उगम पावलेली ही नदी येथे इतकी रुंद होते, की पलीकडचे माणूस ओळखू येत नाही. पलीकडे बाणकोट. १७५६ च्या तहात हा बाणकोट मराठ्यांनी इंग्रजांना दिला आणि विजयदुर्ग मराठ्यांकडे आला. इंग्रजांनी त्याचे नाव 'फोर्ट व्हिक्टोरिया' ठेवले. किल्ल्यांच्यासुद्धा मालकीचे शेवटी कागदच होतात. पाण्यात एका अर्धवट राहिलेल्या पुलाचे खांब उभे होते. त्यांवर पक्षी बसले होते.

तिकीट काढताना एक लहानशी गोष्ट माझ्या लक्षात आली. तरीवर गाडी आणि तिचा चालक ह्यांचे मिळून एक तिकीट होते, आणि मागे बसणाऱ्याचे तिकीट निराळे काढावे लागते. रस्त्यावर मी गाडीचाच एक भाग असते. खाडीवर मात्र मी एक स्वतंत्र माणूस ठरते, आणि त्याची पावती मिळते. ती पावती मी पाकिटात ठेवली. ह्यांनी ते पाहिले आणि हसले. मग एकाएकी गंभीर झाले.

"माझ्या ताईनं सही केली तो दिवस तुला आठवतो?" त्यांनी विचारले.

मला आठवत होता. ह्यांचे पेणचे वडिलोपार्जित घर २००१ साली विकले आणि त्या पैशांतून बोरिवलीची जागा घेतली. माझ्या नणंदेने हसतमुखाने सही केली, असे तेव्हा सर्वांनी सांगितले, आणि ते खरेही होते. ती मुलुंडला दोन खोल्यांत राहते. पोस्टातली नोकरी करून तिने दोन मुले वाढवली.

"सही करून आम्ही कचेरीच्या पायऱ्या उतरत होतो," हे म्हणाले. "तेव्हा ती म्हणाली, 'दादा, आता मी पेणला गेले तर उतरायचं कुठं?' मी म्हटलं, 'अगं, बोरिवली आहे की.' ती 'हो' म्हणाली. तेव्हापासून आजवर ती बोरिवलीला कितीदा आली, पण एक रात्रही राहिली नाही. संध्याकाळी सहाला पर्स उचलते. मी समजत होतो, तिला मुलुंड सोडवत नाही."

तरीचे यंत्र धडधडत होते. पाण्यावरून येणारा वारा ऊबदार होता. मी काही बोलले नाही, कारण बोलण्यासारखे जे होते ते त्यांनीच बोलून टाकले होते. चोवीस वर्षे उराशी असलेली गोष्ट माणूस घरी का सांगत नाही, आणि दहा-पंधरा मिनिटांच्या तरीवर का सांगतो? मला वाटते, त्याचे कारण असे, की घरात बोलणे कोठे संपवावे हे ठाऊक नसते. तरीवर समोरचा धक्का दिसत असतो. वेशवी लागली. ह्यांनी गाडी धक्क्यावर चढवली आणि मला चढता यावे म्हणून नेहमीपेक्षा जरा अधिक वेळ थांबले.

वेळासचा फाटा लागला, तो नाना फडणिसांच्या गावाचा. अलीकडे हे गाव कासवांसाठी प्रसिद्ध आहे. ऑलिव्ह रिडले जातीची मादी समुद्रात शेकडो कोस भटकते, पण अंडी घालायला बहुधा आपण जन्मलो त्याच किनाऱ्याच्या आसपास परत येते. गावकरी तिची घरटी राखतात आणि पिले पाण्याकडे निघाली की बाजूला सरून वाट देतात. किनाऱ्यावर तिचे नाव कोठे लिहिलेले नसते. ती येते, वाळू उकरते, आणि जाते. तिला राहायचे नसते, यायचे असते. मला काय हवे आहे ते माझ्या मनाला येथे प्रथम स्पष्ट दिसले. मला वाडीतल्या पोफळींची सुपारी नको होती, खोल्यांचे भाडे नको होते. मला यायचे होते. आणि यायचे ते कोणाच्या सौजन्याने नव्हे.

दापोली मागे टाकून दुपारी दाभोळला उतरलो. वासिष्ठीच्या मुखावरचे हे एके काळचे मोठे बंदर. धक्क्याजवळ एक जुनी, घुमटाची मशीद आहे. विजापूरची एक राजकन्या मक्केस जाण्यास येथवर आली, तिचे जहाज निघू शकले नाही, आणि जवळचे द्रव्य तिने ह्या मशिदीत घातले, अशी कथा सांगतात. तर चुकलेल्या एका स्त्रीने मागे एक इमारत ठेवली, असा मी तिचा अर्थ घेतला. दाभोळहून धोपाव्याला गाड्या नेणारी तर २००३ साली सुरू झाली. त्यापूर्वी गाडी घेऊन पलीकडे जायचे म्हणजे चिपळूणचा लांब वळसा असे.

ही चौथी आणि शेवटची तर. मी ह्यांना सांगितले, "वाडीची सही करते. वाडी त्याची आहे, त्यानं राखली आहे. घराची करत नाही. कर्जाच्या कागदावर सहमालक म्हणून जिथं हवी तिथं सही करीन, हप्ता अडला तर हातभारही लावीन. पण घराच्या उताऱ्यावर माझं नाव राहील."

हे म्हणाले, "जर तो रागावला तर?"

"तर रागावेल," मी म्हणाले. चार खाड्या ओलांडल्यावर मला एवढे सोपे उत्तर सापडले होते.

भाऊ रागावला नाही, असे म्हणता येणार नाही. तो गप्प झाला, आणि आमच्या घराण्यात रागाची हीच रीत आहे. त्याने मसुदा उचलला, दोनदा वाचला, चष्मा पुसला. ओसरीवर बराच वेळ रहाटाचा आवाज तेवढा येत होता. मग वहिनी कोकमाचे सरबत घेऊन बाहेर आली. ती आतून सारे ऐकत होती. पेला माझ्या हातात देत ती भावाला म्हणाली, "वन्संचं नाव राहू द्या. उद्या तुम्ही घर विकायला निघालात, तर तुम्हांला विचारणारं कुणी असेल. माझं तर नाव कुठंच नाही."

हे ऐकून आम्ही तिघेही तिच्याकडे पाहू लागलो. दोन वर्षे बाबांची सेवा केलेल्या त्या बाईचे नाव ना सातबाऱ्यावर होते, ना घरपट्टीच्या उताऱ्यावर. माझ्या हक्काचा एवढा ऊहापोह मी चार तरींवर केला, पण ही 'तर' माझ्या हिशेबात नव्हती. दुसऱ्या दिवशी वकिलाकडे नवा मसुदा झाला. वाडीचे हक्कसोडपत्र झाले, घर राहिले. आणि नव्या खोल्या वहिनीच्या नावाने बांधता येतील का, असे भावाने आपणहून वकिलाला विचारले. उत्तर लांबलचक होते. परंतु त्याने विचारले, ह्याचे मोल मला अधिक वाटते.

ह्या खाड्यांवर आता पूल होऊ घातले आहेत. रेवसपासून रेडीपर्यंत सागरी महामार्ग व्हावा ही कल्पना, १९८० ते १९८२ ह्या काळात मुख्यमंत्री असलेल्या बॅरिस्टर अंतुल्यांपासूनची. ते पूल व्हावेत, असे मला मनापासून वाटते. शेवटची तर गेल्यावर अडलेली बाळंतीण, परीक्षेची वेळ टळलेला मुलगा, बर्फ वितळलेली मासळी, ह्यांना आमच्या संभाषणाच्या सोयीसाठी ताटकळत ठेवणे हा दुष्टपणा होईल. पुलाविरुद्ध मला एक अक्षर बोलायचे नाही. पण पूल झाल्यावर आम्हां मुक्या प्रवाशांना उतरायचे कोठे, याचा विचार ज्याने त्याने आपल्यापुरता करून ठेवावा. कित्येक घरांत नवरा-बायको वर्षानुवर्षे एकाच गाडीवरून एकाच दिशेने जात असतात, आणि त्यांना समोरासमोर उभे करणारी खाडी वाटेत लागतच नाही. त्यांचा प्रवास लवकर होतो, यात संशय नाही.

परतताना गाडीला मागे नारळ, आमसुले आणि कुळथाचे पीठ बांधले होते, आणि तरींवर आम्ही फारसे बोललो नाही. उन्हात उभे राहून पाणी पाहिले. मांडव्याहून बोटीने भाऊच्या धक्क्याला उतरलो तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले होते. बोरिवलीला जायचे तर गाडी पश्चिमेकडे वळायला हवी होती. ह्यांनी ती वळवली नाही. शीव मागे पडले, घाटकोपर गेले, आणि पूर्व द्रुतगती मार्गाने आम्ही सरळ मुलुंडच्या दिशेने चाललो. मी काही विचारले नाही. वारा होता, आणि विचारायला कारणही नव्हते. नारळ किती आहेत ते तेवढे मी मनात मोजले, आणि त्यांतले निम्मे कोणत्या पिशवीत घालावे ते ठरवले. नणंदेशी काय बोलायचे, हे मात्र अजून दोघांचेही ठरलेले नव्हते.